कापड धरलंय कुठे?

भिंग डोळ्याला लावून आईने तो सैनिक आधी समोरून पाहिला, मग पाठमोरा केला, मग पुन्हा समोरून. उंची माझ्या करंगळीच्या निम्म्याहून थोडी जास्त. अंगात चिलखत, आणि चिलखतावर मी दोन रात्री जागून चढवलेला हिरव्या पुट्टीचा झगा. "छान झालंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे कापड धरलंय कुठे?"

मला प्रश्नच कळला नाही. झगा आहे, घातलाय, अंगावर आहे. धरायचं काय त्यात?

आईने चाळीस वर्षं ब्लाउज, परकर, झबली, फ्रॉक शिवले. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत तिचं मशीन खिडकीशी होतं आणि माझा अभ्यास त्या मशीनच्या आवाजात झाला. तिला कापड जसं दिसतं तसं मला दिसत नाही. मी भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगचे साचे डिझाइन करतो. मला पोलाद दिसतं, भिंतीची जाडी दिसते, साचा कुठल्या दिशेला उघडेल ते दिसतं. कापडाकडे मी चाळीस वर्षं नुसता बघत होतो, एवढं त्या दिवशी लक्षात आलं.

झग्याचं हे प्रकरण भाच्यामुळे सुरू झालं. तो वॉरहॅमर ४०,००० खेळतो. १९८७ साली इंग्लंडात आलेला खेळ. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय नॉटिंगहॅमला आहे. टेबलावर मोजपट्टी घेऊन छोटं सैन्य पुढे सरकवायचं, फासे टाकायचे, कोण पडलं कोण उभं राहिलं ते ठरवायचं. पण त्याआधी ते सैन्य तुकड्या-तुकड्यांतून जोडायचं आणि एकेक सैनिक हाताने रंगवायचा. यात महिनोन्महिने जातात आणि माझा जीव या आधीच्या भागातच जास्त रमतो. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणायचो, तेव्हाही किल्ला झाल्यावर त्यांच्याशी खेळण्यापेक्षा कुणाला कुठल्या बुरुजावर उभं करायचं यातच माझा सगळा वेळ जायचा.

भाच्याची फौज डार्क एंजल्सची. चिलखत गडद हिरवं आणि त्यावर युरोपातल्या मठवासी भिक्षूंसारखे टोपीवाले, पायघोळ झगे. सगळ्यांना नाहीत, पण हे झगे म्हणजे त्या तुकडीची ओळखच. भाच्याकडे पाच जुने सैनिक होते, साध्या चिलखतातले. "मामा, यांना झगे करून देशील? आयते नकोत. हेच पाच हवेत. मी पहिल्यांदा रंगवलेले आहेत हे." पहिल्यांदा रंगवलेल्यांवर जीव असतो, हे मला पटलं. मी हो म्हणालो.

झगेवाले सैनिक विकत मिळतात, आणि चांगले मिळतात. तरीही हाताने केलेल्या झग्यात एक गोष्ट अशी येते जी साच्यातल्या झग्यात येणं अवघड असतं, आणि हा तर माझ्या रोजच्या कामातला विषय. प्लास्टिकचे हे सैनिक पोलादी साच्यातून निघतात. साचा दोन भागांचा. गरम पॉलिस्टायरीन आत शिरतं, थिजतं, साचा उघडतो आणि तुकडा बाहेर पडतो. तो बाहेर पडायचा तर साच्याच्या उघडण्याच्या दिशेला कुठेही आडकाठी नको. कापडाची घडी आत वळली, स्वतःच्याच खाली गेली, की तिथे पोलाद अडकतं. आम्ही त्याला अंडरकट म्हणतो आणि तो टाळण्याचेच पैसे घेतो. म्हणून साच्यातल्या झग्याची समोरची घडी खोल आणि खणखणीत असते, पण बाजूला वळलात की घड्या पुसट होत जातात, जणू कुणी त्यांच्यावरून अंगठा फिरवलाय. हल्ली कंपन्या एकेक झगा तीन-चार तुकड्यांत फोडून यावर चांगला मार्ग काढतात. तो तुकडा कुठे फोडलाय ते बघायला मला फार आवडतं. त्या साच्यामागच्या माणसाशी बोलल्यासारखं वाटतं. संगणकावर मूर्ती घडवायला लागण्याआधी प्लास्टिकच्या सैनिकांचे मूळ नमुने तिप्पट मोठे हाताने घडवत आणि पँटोग्राफने ते लहान करून पोलादात उतरवत. तेव्हाच्या कारागिरांना घडी घडवताना साच्याचाही विचार करावा लागत असणार. पुट्टीने थेट सैनिकावर काम करताना साचा नसतोच. घडी हवी तेवढी आत नेता येते. अंडरकट करण्याची मुभा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, आणि मी ती पहिल्या झग्यात मनसोक्त वापरली. सगळीकडे खोल चिरा. तोच झगा आईच्या हातात होता.

तिने तिथल्या तिथे काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर जेवणाच्या टेबलावर पाण्याची स्टीलची बाटली उभी. तिच्यावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा टाकलेला आणि मधोमध रबरबँड.

"बघ आता. कापड आपणहून काही करत नाही. त्याला कुणीतरी धरलेलं असतं, नाहीतर ते पडतं. इथे बाटलीच्या तोंडाने धरलंय, इथे रबराने. आता हात लाव बघू. इथे ताणलंय, इथे सैल आहे. घडी येते ती धरलेल्या जागेपासून सुटत येते. तुझ्या घड्या मधेच उगवल्यात."

घड्या मधेच उगवल्यात. माझ्या झग्यातली चूक याहून नेमकी कुणी सांगितली नसती. मी वरून खाली समांतर चिरा मारल्या होत्या, पत्र्याला दाब मारतात तशा. त्यांना सुरुवात नव्हती.

मग तिने तो तुकडा काढून तिरका धरला आणि पुन्हा टाकला. त्याच बाटलीवर तेच कापड वेगळंच पडलं, जास्त लवचिक, अंगाला बिलगून. "हे उरेब. उभ्या धाग्यावर कापड ताठ राहतं, उरेबावर ओघळतं. गोल घेराचा फ्रॉक मी काठ दुमडण्याआधी रात्रभर टांगून का ठेवायची? बाजू उरेबात येतात, त्या रात्रीत लोंबतात. सकाळी बघावं तर काठ वरखाली झालेला. मग तो सारखा करायचा आणि दुमडायचा." टांगलेले फ्रॉक मी लहानपणी दाराच्या मागे रोज बघितलेत. ते लोंबण्यासाठी टांगलेत हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्या आठवड्यात मी पुट्टीला हात लावला नाही. भाच्याच्या सैनिकासारखा उभा राहून आईची शाल अंगावर घ्यायचो, एक पाय पुढे, एक कोपर वाकवलेला, आणि बायको फोनवर फोटो काढायची. समोरून, मागून, वरून. फोटोंवर पेन्सिलीने फक्त धरलेल्या जागांची टिंबं काढली. दोन खांदे, कोपराचा बाहेरचा भाग, कमरेचा पट्टा, पुढचा गुडघा. पाच टिंबं. प्रत्येक घडी यातल्या कुठल्या तरी टिंबातून निघते आणि दुसऱ्याकडे जाते किंवा खाली जमिनीकडे सुटते. खांद्यावरून सरळ खाली येते तिला आई नळी म्हणते. दोन टिंबांच्या मधे सैल सुटतो तो झोळ. कोपराच्या आतल्या बाजूला जागा कमी आणि कापड जास्त, म्हणून तिथे ते कोंबलं जातं, आणि झगा पायघोळ असेल तर पावलावर टेकून मोडतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पाच टिंबं आणि हे चार प्रकार मनात बसल्यावर मला सैनिक हातात घ्यायचा धीर आला.

आता पुट्टीबद्दल, कारण नव्या माणसाचं पहिलं पाऊल तिथेच अडखळतं. या कामात जगभर वापरतात तिला सगळे ग्रीन स्टफ म्हणतात. खरं नाव नीडाटाइट. एक पट्टी पिवळी, एक निळी, दोन्ही मळून एकजीव हिरवी झाली की काम सुरू. दोन्ही रंग एकाच पट्टीत शेजारी-शेजारी चिकटून येत असतील तर मधली रेघ आधीच थोडी कडक झालेली असते. ती दोन-तीन मिलिमीटर रुंद कापून टाकून द्या. वाचवायला गेलात तर नेमकी गुळगुळीत जागेवर कणी येते. पिवळी जास्त घेतली तर पुट्टी मऊ आणि चिकट होते, निळी जास्त घेतली तर कडक आणि धारदार. झग्याच्या मोठ्या भागाला मी पिवळी किंचित जास्त घेतो, काठाला आणि दोरीला निळी. हातात साधारण तास-दीड तास मिळतो, आणि पूर्ण कडक व्हायला मी रात्र आणि दुसरा दिवस जाऊ देतो. बोटांना त्वचेचा त्रास होऊ शकतो म्हणून मळताना हातमोजे घाला, आणि स्वयंपाकघरातलं पोळपाट-लाटणं या कामाला कधीही घेऊ नका. मी एक जाड प्लास्टिकचा कागद आणि काचेची छोटी बाटली वेगळी ठेवली आहे.

या पुट्टीला स्प्रिंग असते. ढकललेली घडी थोडी परत येते. मातीत काम केलेल्या माणसाला याचा राग येतो. पण पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा त्याच जागी गेलात तर ती ऐकते, आणि आणखी वीस मिनिटांनी गेलात तर दिलेली धार जशीच्या तशी ठेवते. म्हणजे प्रत्येक घडी तीनदा करायची. पहिल्यांदा नुसती जागा ठरवायची, दुसऱ्यांदा खोली, तिसऱ्यांदा कडा. मी सुरुवातीला पहिल्याच फेरीत सगळं करायला जायचो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी नळगळतीची दोन भागांची पुट्टीही मी वापरतो, पण आतल्या भरावासाठी. ती लवकर दगड होते आणि तिचा कण जाड असतो. झग्याच्या आत जिथे पोकळी नकोय तिथे ती उत्तम. वर पातळ थर ग्रीन स्टफचा. महाग पुट्टी वाचते आणि भराव आधीच कडक असल्यामुळे वरून दाब देताना खालचं हलत नाही. हत्यारं म्हणाल तर दोनच लागतात, सिलिकॉनच्या टोकाचा एक छोटा ब्रश आणि दाताचे डॉक्टर मेण कोरायला वापरतात ती स्टीलची पात्यासारखी कोरणी. टोक सतत पाण्याने किंवा व्हॅसलिनच्या बारीकशा थराने ओलं हवं, नाहीतर पुट्टी हत्याराला चिकटून वर येते आणि अर्ध्या तासाचं काम सोबत घेऊन जाते.

आता जाडीचं गणित. मला वाटतं, या सगळ्या कामाची मेख इथे आहे. टेबलावरच्या ऐतिहासिक सैनिकांचं एक नेहमीचं माप २८ मिलिमीटर, तळव्यापासून डोळ्यापर्यंत. खऱ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६०० मिलिमीटरवर. म्हणजे सैनिक सुमारे ५७ पट लहान. आता पुट्टीचा थर अर्धा मिलिमीटर लाटला, जो हाताला अगदी पातळ वाटतो, तर तो खऱ्या मापात साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर झाला. जवळजवळ तीन सेंटिमीटर जाड कापड. गोधडीसुद्धा एवढी जाड नसते. कितीही लाटा, खऱ्या कापडाच्या जाडीपर्यंत पोचता येत नाही, आणि पोचलात तरी ते हाताळताना तुटेल.

मग करायचं काय? डोळा कापडाची जाडी फक्त काठावर मोजतो. मधे कितीही भराव असो, तो माणसाच्या अंगात गेला. म्हणून झगा लाटून चिकटवायचा नाही. अंगावरच बांधत आणायचा आणि खालचा काठ, बाहीचं तोंड, टोपीची कड एवढ्या तीन जागा खालून आतल्या बाजूने कोरून पातळ करायच्या. पुट्टी अर्धवट कडक असताना हत्यार झग्याच्या आत घालून हळूहळू बाहेरच्या दिशेने. दुसऱ्या दिवशी पूर्ण कडक झाल्यावर धारदार पात्याने आतून आणखी थोडं तासायचं. बाहेरची घडी जशीच्या तशी राहते आणि काठ कागदासारखा दिसतो. तुकडा साच्यातून सहज सुटावा म्हणून भिंतीला थोडा उतार देतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. साच्याच्या भाषेत सांगायचं तर मी काठाला उलटा ड्राफ्ट देतो. कारखान्यात असं ड्रॉइंग काढलं तर ते सहीशिवाय परत येईल.

पाचांपैकी दुसरा, तिसरा आणि चौथा झगा मे महिन्यात झाला आणि चिंचवडच्या मे महिन्याने मला वेगळंच शिकवलं. उष्णतेने पुट्टी भराभर कडक होते. जानेवारीत मिळणारा दीड तास दुपारी पाऊण तासावर आला होता. तिसऱ्या सैनिकाच्या पाठीवरची मोठी नळी मी दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा हलेनाच. जोर लावला तर मुळातून सुटली आणि खांद्यावर अंगठ्याचा ठसा उमटला. ठसा इतका स्पष्ट की रेघा मोजता आल्या असत्या. तो खांदा तासून पुन्हा केला. त्यानंतर मळलेली पुट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून हवाबंद डबीत फ्रिजरला ठेवायला लागलो आणि लागेल तेवढीच काढायला लागलो. थंडीत तिचं कडक होणं जवळपास थांबतं. डबीवर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" असं आईने स्वतः लिहिलं.

पाचही झगे एकाच हवेत हवेत, हेही तिनेच लक्षात आणून दिलं. पहिल्याचा झगा डावीकडे उडतोय, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि दोघे शेजारी उभे. "वारा एकच ना?" मी दुसऱ्याचा खालचा भाग कापून काढला. पहिला, तिच्या प्रश्नाचा धनी, तर त्याआधीच पूर्ण सोलून नव्याने केला होता. वाळलेलं ग्रीन स्टफ पात्याने सोलता येतं, पण खालच्या चिलखताचे कोपरे जपावे लागतात. भाच्याचा पहिलावहिला रंग तिथे खाली होता आणि जमेल तेवढा मला तो ठेवायचा होता. टोपीच्या आत, मानेपाशी, अजूनही दिसतो. ब्रशच्या केसासकट.

रंग भाच्याने दिला. झग्यांना त्या तुकडीचा तो हाडासारखा पिवळट पांढरा. मी फक्त एकच गोष्ट सांगितली की तपकिरी पातळ रंग घड्यांत सोडल्यावर तो पाण्यासारखा कुठे जमतो ते बघ. घडी बरोबर असेल तर रंग आपोआप धरलेल्या जागेपाशी गडद होतो आणि सुटलेल्या जागेकडे विरत जातो. चौथ्या झग्यावर तो तसाच गेला. भाचा म्हणाला, "मामा, याला शेडिंग करायलाच नको." त्या रात्री मला झोप लागायला वेळ लागला.

पाच झगे गेले आणि टेबल रिकामं झालं. तेव्हा मनात बरीच वर्षं घोळत असलेलं काम काढलं. असईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. जालना जिल्ह्यातल्या केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. वेलस्लीकडे माणसं साडेनऊ हजारांच्या आसपास, समोर त्याच्या कितीतरी पट. तो जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घ्यायचा. ब्रिटनमधले हौशी खेळाडू ही लढाई टेबलावर मांडतात. शिंद्यांच्या तोफा ओलांडून इंग्रजी पायदळ पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा पाठीमागून त्या पायदळावरच वळवल्या, हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ते पान तीनदा वाचलं होतं. ही लढाई आमच्या बाजूने, आमच्या हाताने मांडलेली मला बघायची आहे.

त्या दिवशी झुंजलं ते मुख्यतः पायदळ आणि तोफखाना; घोडदळाने फारसं काही केलं नाही. तरी मी सुरुवात बारा घोडेस्वारांपासून केली, कारण घोड्यावर बसलेल्या माणसाचा जामा मला करून बघायचा होता. प्लास्टिकचे युरोपीय घोडेस्वार घेतले, त्यांचे कोट तासून धड उघडं केलं, आणि पहिल्याच संध्याकाळी अडलो. मठवाशाचा झगा जाड लोकरीचा. त्याच्या घड्या मोजक्या, मोठ्या, गोलाकार. तोच हात मी जाम्याला लावला आणि स्वार घोंगडं पांघरून बसल्यासारखा दिसायला लागला.

आईने जामा कधी शिवलेला नाही. मी जेम्स वेल्सने १७९२ च्या सुमारास पुण्यात काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र मोठं करून दाखवलं, राजपूत आणि मोगल लघुचित्रं दाखवली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हा घेर आहे. वर अंगाबरोबर बेतलेलं, कमरेला चुण्या, खाली घेर. परकराचाच भाऊ." मग तिने तिच्या पेटीतून दोन तुकडे काढले, एक मांजरपाट आणि एक मलमल, दोन्हींना सारख्याच लांबीचा धावदोरा घालून चुण्या ओढल्या. मांजरपाटात एका वितीत सात-आठ चुण्या बसल्या. मलमलीत मोजता मोजता माझी बोटं चुकली. कापड जितकं हलकं तितक्या चुण्या जास्त आणि बारीक. मला कापडाचा हलकेपणा दाखवायचा तर थर पातळ करण्यापेक्षा चुण्यांची संख्या वाढवायला हवी होती. २८ मिलिमीटरच्या स्वाराला कमरेपासून गुडघ्यापर्यंत मी आता समोर अकरा ते तेरा चुण्या देतो, सगळ्या सारख्या नाहीत, दोन बारकींमागे एक जरा रुंद. झग्याला त्या जागेत तीनच घड्या होत्या.

आणि धरलंय कुठे? उभ्या माणसाचा जामा कमरबंदाने धरलेला असतो आणि खाली मोकळा. घोड्यावर तो दोन जागी धरला जातो, वर कमरबंद आणि खाली स्वाराचं स्वतःचं वजन. मागचा घेर खोगिरावर बसल्याखाली दाबला जातो, म्हणून मागे चुण्या कमरेतून निघून लगेच चपट्या होतात. समोरचा घेर मांड्यांवरून दोन्ही बाजूंना ओघळतो आणि तो ओघळणारा भाग उरेब, त्यामुळे त्याचं टोक घोड्याच्या पोटाकडे जास्त खाली येतं. हे मी शोधून काढलं नाही. आई दिवाणावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे असं बसू शकत नाही, गुडघे दुखतात, म्हणून तिने माझ्या मुलीला परकर घालून सोफ्याच्या हातावर घोड्यासारखं बसवलं आणि मला चष्मा लावून समोर बसवलं.

बारांपैकी सात झाले आहेत. सातव्याचा जामा काल रात्री पुरा झाला आणि आज त्याचे बंद लावायचे राहिले होते. जाम्याचा एक पदर छातीवरून दुसऱ्यावर येतो आणि काखेखाली बंदांनी बांधतात. जुन्या चित्रांत ही गाठ डाव्या काखेखाली आहे की उजव्या यावरून तो माणूस हिंदू की मुसलमान हे अभ्यासक ओळखतात. हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. शिंद्यांच्या फौजेत दोन्ही होते. म्हणून बारांत मी आठ डावे आणि चार उजवे ठरवलेत. बंद म्हणजे केसाएवढ्या जाडीचे दोन धागे, निळी जास्त घातलेल्या पुट्टीचे, ओल्या प्लास्टिकवर बोटाने लाटलेले. चार तुटतात तेव्हा एक लागतो.

आज संध्याकाळी सहावा तुटल्यावर आई शेजारी येऊन बसली. बोटाला पाणी लावून तिने तो धागा एकदाच लाटला, दोन्ही टोकांना निमुळता. मग सुई मागितली, माझी कोरणी नको म्हणाली, आणि सुईच्या टोकावर उचलून तो सातव्याच्या उजव्या काखेखाली टेकवला. "सोड आता. हात लावू नकोस. गाठीचं वजन खाली येऊ दे."